सात डॉलरची उकड

तपासणीच्या टेबलामागचा माणूस माझा स्टीलचा डबा उघडतो आणि आत बघतच राहतो. दुधातल्या दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि कोपऱ्यात कागदाच्या पुडीत शेंगदाण्याची चटणी. चटणीपाशी त्याची नजर अडते. "स्पायसी," जावई घाईघाईनं सांगतात. तो हसतो, झाकण लावतो, डबा माझ्या हातात देतो. काचेचं काही नाही, दारू नाही, मग जा आत. मला खरंच वाटत नाही. आपल्याकडे असल्या बहुतेक बागांच्या दारात डबे काढून ठेवायला लावतात, पोराच्या हातातला बिस्किटाचा पुडासुद्धा सुटत नाही. त्या सवयीनं मी भांडणातली दोन-चार वाक्यं मनात घोळवतच आले होते. ती तशीच राहिली.

अनाहाइमचं डिस्नीलँड. १९५५च्या जुलैत ते उघडलं, त्याआधी इथं संत्र्यांच्या बागा होत्या, असं लेक सांगते. तिला वाटतं, मला गंमत वाटेल. पण माझं माहेर संत्र्यांच्या काटोलचं. संत्र्याची झाडं काढून तिथं दुसरं काही केलं म्हटलं की आधी पोटात कसंतरीच होतं. मग समोर फुगे दिसतात, घोड्याची ट्राम दिसते, आणि मीही सगळ्यांसारखी वर बघत चालायला लागते.

नातीच्या गळ्यात इवलीशी पर्स आहे. तिच्यात पंचवीस डॉलर, तिनं स्वतः साठवलेले. आईचा करार स्पष्ट आहे: जेवण डब्यातलं, पाणी फुकटचं (इथल्या खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फ घातलेल्या पाण्याचा पेला देतात), आणि खाऊ तुझ्या पैशानं. पोरगी नऊ वर्षांची. डॉलरचे रुपये करत बसू नका, अशी आम्हा आजी-आजोबांना विमानतळावरच ताकीद मिळालेली आहे. पण नातीनं तिचं स्वतःचं नाणं काढलं आहे. ती सगळं चुरोत मोजते. उंदराच्या कानांचा तो केसांचा पट्टा? पाच चुरो. पॉपकॉर्नची आठवण म्हणून घरी न्यायची रंगीत बादली? चार चुरो, कधी जास्तही. साधे पॉपकॉर्न एका चुरोच्या आत-बाहेर. पंचवीस डॉलर म्हणजे साडेतीन चुरो, आणि अर्धा चुरो कोणी विकत नाही.

पॉपकॉर्नच्या गाडीपाशी ती पैशानं नाही, नुसती डोळ्यांनी थांबते. गाडीच्या काचेत एक बोटभर बाहुला बसवलेला आहे. तो दांडा फिरवतोय आणि त्याच्या हातानंच जणू पॉपकॉर्नचं पिंप फिरतंय. प्रत्येक गाडीत वेगळा बाहुला. आजोबा म्हणतात, "याला पगार किती देतात?" नात विचार करून सांगते, "अर्धा चुरो."

चुरोची रांग किल्ल्याच्या जवळ आहे. रांग दिसण्याआधी वास येतो, गरम साखर आणि दालचिनी. ऊन चांगलंच वर आलेलं, पायाखाली बदकं निर्धास्त हिंडताहेत आणि कुणाच्या हातातून काय पडतंय ते बघताहेत. गाडीवरच्या बाईंच्या छातीवर नावाचा बिल्ला आहे. वर पहिलं नाव, खाली गावाचं नाव. इथं कामाला असलेल्या सगळ्यांच्याच बिल्ल्यांवर त्यांचं मूळ गाव असतं म्हणे. मला हे फार आवडतं. काउंटरपलीकडचं माणूस कुठून आलंय, हे न विचारता कळतं.

करासकट सात डॉलरच्या आसपास. नात नोटा मोजून देते. बाई काचेच्या गरम कपाटातून एक हातभर कांडी काढतात आणि कागदाच्या खोळीत घालून देतात. पहिला घास नातीचा, दुसरा माझा.

घास तोंडात आहे आणि मी तुटलेलं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघतेय. मधे मऊ, बाहेर कडक, अंगभर उभ्या धारा. टोकाकडून पाहिलं तर सरळ चांदणी.

"अगं, ही तर सोऱ्यातून पाडलेली आहे! चकलीच आहे ही, फक्त गोल वळवायची राहिलीय."

"आजी, 'ही' नाही. 'हा'. चुरो 'तो' असतो."

कुणी ठरवलं, मी विचारते. ती खांदे उडवते. तिचं मराठी सगळीकडे लिंगात अडखळतं, ताट 'ती' आणि भूक 'तो', पण इथं मात्र ठाम.

हा प्रकार मूळचा स्पेनमधला, तिथून मेक्सिकोला गेला आणि मेक्सिकोतून कॅलिफोर्नियात आला. या बागेत तो १९८०च्या दशकाच्या मध्यावर शिरला. म्हणजे बाग उघडल्यानंतर तीसेक वर्षांनी. आता मात्र तो नसता तर बाग अपुरी वाटली असती, अशा थाटात प्रत्येक वळणावर त्याची गाडी उभी आहे.

बाकावर डबा उघडतो. दशम्या विमानातून आल्यासारख्या मलूल झाल्यात, पण चटणी सावरून घेते. जावई चटणी बोटानं पुसून खातात आणि खाता खाता एका निबंधाची गोष्ट सांगतात. वॉल्टर ओय नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ साली या बागेवरच लिहिला होता, जावयांना एमबीएला होता. तेव्हा इथं आत शिरायचे पैसे वेगळे आणि प्रत्येक पाळण्याचं तिकीट वेगळं, अशी पद्धत होती. ओयचा प्रश्न साधा: मालकानं दारात भरपूर घ्यावे आणि आत सगळं स्वस्त ठेवावं, की दार उघडं टाकून आत एकेका गोष्टीला चिमटा काढावा? सगळी गिऱ्हाइकं सारखीच असतील तर दारात घेतलेलं बरं, आत फक्त खर्चापुरतं लावावं, असं गणित निघतं. माणसं सारखी नसतात, म्हणून पुढं ते गणित वाढत जातं. १९८२ सालापासून तर पाळण्यांची तिकिटं गेलीच. आता दारात एकदाच काय ते द्यायचे.

नात चुरोची साखर चाटत ऐकतेय, असं मला वाटलं नव्हतं.

"मग चुरो फ्री का नाही? दारात तर आपण दिले ना?"

जावई दशमीचा तुकडा मोडत राहतात. "गुड क्वेश्चन," म्हणतात. इथं उत्तर नसलं की असं म्हणायची पद्धत आहे.

दुपारी आम्ही टिकी रूम नावाच्या जागेपाशी अननसाचं पिवळं मऊ आइस्क्रीम घेतो, चौघांत एक आणि नातीला वेगळं. डोल नावाच्या अननसवाल्या कंपनीनं १९७६ साली या जागेचं प्रायोजकत्व घेतलं, म्हणून इथं अननस. त्यात दुधाचा थेंब नसतो. अननसाचं म्हटल्यावर 'हे' एकदम उत्साहात येतात, "मग उपासाला चालेल!" एकादशीला अनाहाइम. मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.

लेकीला त्यावरून २०२० आठवतं. मार्चमध्ये बाग बंद झाली ती वर्षाहून जास्त बंद राहिली. एप्रिलमध्ये बागवाल्यांनीच या आइस्क्रीमची घरगुती कृती जाहीर केली: दोन कप गोठवलेला अननस, अर्धा कप अननसाचा रस, एक मोठा गोळा व्हॅनिला आइस्क्रीम, आणि मिक्सर. म्हणजे बागेतल्यात दूध नाही आणि घरच्यात आहे. नात तेव्हा चार वर्षांची, रोज विचारायची की मिकी आजारी आहे का. लेकीनं मिक्सर फिरवला, पेल्यात कागदी छत्री खोचली आणि पोरीला गॅलरीत बसवलं. "तिनं खाल्लं," लेक म्हणते, "आणि विचारलं, पक्षी कुठायत?" टिकी रूममध्ये छतावर खोटे पक्षी गातात, त्यांच्याबद्दल.

दिवसाअखेर नातीच्या पर्समध्ये काही सुटे उरतात. दुसरा चुरो आला असता, पण तिनं घेतला नाही. "आजी घरी करणार आहे," ती गाडीत बसता बसता जाहीर करते. मी असं काही म्हटलेलं नव्हतं. मी फक्त चकली म्हटलं होतं.

रविवारची सकाळ. लेकीच्या ओट्यावर पितळी सोऱ्या उभा आहे. मीच तिच्या लग्नात दिलेला, समुद्रापलीकडे येऊन वरच्या फळीवर नुसता बसलेला. चिंच-मीठ लावून घासला तेव्हा कुठं चेहरा दिसला त्याचा. चकत्यांच्या पुडक्यात शेवेची आहे, पापडीची आहे आणि ती चांदणीची.

बागवाल्यांनी चुरोचीही कृती २०२० मध्येच दिली होती. लेक ती फोनवर वाचते: एक कप पाणी, आठ मोठे चमचे लोणी, मीठ, सव्वा कप मैदा, तीन अंडी. अंड्यापाशी मी हात वर करते. मी खात नाही, आणि स्पेनमध्ये तर साध्या चुरोत अंडं नसतंच. मैदा, पाणी, मीठ, झालं. मग माझ्यासाठी स्पेन.

पाण्याला उकळी येते, त्यात मीठ आणि बागेच्या कृतीतला लोण्याचा खडा. मैदा एकदम ओतायचा, आच बंद करायची आणि लाकडी उलथन्यानं घोटत राहायचं. पातेल्याच्या कडा सुटतात, गोळा एकत्र येतो. लेक म्हणते, "आई, ही तर मोदकाची उकड." आणि काय. तांदळाची पिठी असती तर आत्ता नारळ खोवायला घेतला असता. गरम पाण्यानं पीठ आधीच अर्धं शिजतं, म्हणून ते दाबाखाली धार धरतं, मोडत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, हाताला ठाऊक आहे. पण नातीला सांगताना शब्द शोधावे लागतात.

तिला सोऱ्याचा दांडा फिरवायचाय. फिरत नाही. गार झालेली उकड चिवट असते. ती ओट्यावर लोंबकळते, मग आजोबा येतात, मग आम्ही तिघं. चांदणीतून पहिली धार बाहेर येते, बोटाएवढी जाड. बागेतली कांडी याच्या चौपट. नात नाराज होत नाही, म्हणते, "बेबी चुरो."

तेलाला किती उष्णता हवी ते दाखवायला लेकीकडे काट्याचा तापमापक आहे: १९० अंश. माझ्याकडे पिठाची गोळी आहे. टाकली की बुडबुड्यांसकट वर यायला हवी, पण उडी मारून नाही. विजेची शेगडी मात्र दोघींचंही ऐकत नाही. ती तापते सावकाश आणि निवते त्याहून सावकाश. पहिला घाणा बाहेरून तांबूस, आत कच्चा. मी चकलीच्या हिशेबानं आच कमी करते, तर दुसरा तेल पितो. सोऱ्यातून पाडताना नातीनं हौसेनं एक कांडी हातानं वळून गुळगुळीत केलेली, ती तिसऱ्या घाण्यात फाटकन फुटते आणि तेलाचा थेंब भिंतीवर जातो. वाफेला बाहेर पडायला जागा नव्हती. त्या धारा नुसत्या शोभेच्या नाहीत, हे आता तिला सांगावं लागत नाही. तिला मी चार पावलं मागं, फ्रिजपाशी उभी करते. तिथून पुढं यायचं नाही.

इतक्यात छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागतो. लेक खिडक्या उघडते, जावई खुर्चीवर चढून टॉवेल हलवतात, आजोबा दार उघडून शेजाऱ्यांना हात जोडून हसतात. शेजारच्या घरातली दोन मुलं आवाजानं धावत येतात आणि वासानं थांबतात.

चौथा घाणा जमतो. टोकं कुरकुरीत, मधे ओलसर. कागदावर निथळतो न निथळतो तोच दालचिनी-साखरेत लोळवायचा, गार झाला की साखर चिकटत नाही. लेक हिशेब मांडते: मैदा, लोणी, साखर, दालचिनी, तेल, वीसेक बेबी चुरो, सगळे मिळून अडीच-तीन डॉलर. "आणि तुझे दोन तास," जावई म्हणतात. "आणि ओटा," लेक म्हणते. तेलकट ओट्याकडे बघून मला एकाएकी त्या गाडीवरच्या बाईंचे सात डॉलर फारसे जास्त वाटत नाहीत. हे मी मोठ्यानं बोलत नाही. मग सोऱ्या परत वर जाईल.

मागं वळते तर फ्रिजवर कागद चिकटवलेला. जाड शाईनं इंग्रजीत: आत यायचा एक डॉलर. खाली: चुरो दोन डॉलर. शेजारची मुलं खिसे चाचपताहेत, आजोबा रांगेत पहिले.

"दोन्ही कसं गं घेतेस?" मी विचारते. "बाबा काय म्हणाले होते?"

"आजी, लाइन आहे ना."

शेजारची मुलं पैसे आणायला घरी पळतात. आजोबा तीन डॉलर देतात आणि पावती मागतात. मी दालचिनीची बाटली आणायला बाहेरच्या खोलीत जाते, परत येते तर नात हात आडवा करते.

"अगं, मीच तर तळतेय."

ती क्षणभर थांबते. मग खोलीत पळते, कागद फाडल्याचा आवाज येतो आणि ती एक चिठ्ठी आणि सेफ्टी पिन घेऊन येते. चिठ्ठीवर तिच्या वाकड्या मराठीत वर 'आजी'. खाली 'काटोल', त्यातला 'ट' उलटा.

मी ती ओढणीला टाचते आणि कढईतल्या चकल्या, म्हणजे चुरो, उलटायला घेते.