तापीतला काल्पनिक शिकारी कसा असेल?

जळगाव/धुळे - उत्क्रांती वेगळ्या वळणाने गेली असती, तर पृथ्वीवर कोणते प्राणी वावरले असते? शास्त्राच्या चौकटीत राहून याचे उत्तर शोधण्याच्या छंदाला 'काल्पनिक उत्क्रांती' म्हणतात. स्कॉटिश भूशास्त्रज्ञ डुगल डिक्सन यांच्या १९८१ मधील 'आफ्टर मॅन' या पुस्तकाने हा प्रकार जगभर लोकप्रिय केला. हाच खेळ खानदेशात मांडून तापीसाठी एखादा शिकारी प्राणी घडवायचा झाल्यास तो कसा असेल?

त्याच्या अटी नदीच ठरविते. पावसाळ्यात तापीला गढूळ पूर येतो. या पाण्यात डोळे फारसे कामाचे नाहीत. पाण्याची हालचाल टिपणारी त्वचा हवी. उन्हाळ्यात गिरणा, पांझरा यांसारख्या उपनद्यांची पात्रे आटून डोह तेवढे उरतात. म्हणजे महिनोन्‌महिने उपाशी राहण्याची क्षमता हवी, बिळात दडी मारता आली पाहिजे. काठावर पाणी प्यायला येणारे जनावर टिपायचे, तर शरीर बुडालेले आणि डोळे, नाकपुड्या तेवढ्या वर, अशी ठेवण हवी.

हे वर्णन ओळखीचे वाटते, कारण ते मगरीचे आहे. तिच्या जबड्यावर हालचाल टिपणारे सूक्ष्म ठिपके असतात. ती बिळे खणते आणि थंड रक्तामुळे अल्प आहारावर तग धरते.

विशेष म्हणजे निसर्गाने हा आराखडा दोनदा वापरला. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात 'पॅरासुकस' हा लांब जबड्याचा सरीसृप वावरत होता. नागपूरला राहून जीवाश्म गोळा करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव १८८५ मध्ये त्याच्या एका जातीला देण्यात आले. तो हुबेहूब मगरीसारखा दिसे. पण मगरीचा पूर्वज नव्हता. मगरीच्या नाकपुड्या जबड्याच्या टोकाला असतात, याच्या डोळ्यांजवळ होत्या. गरज एकच असल्याने दोन वेगळी कुळे एकाच रूपाला पोहोचली. यालाच 'अभिसारी उत्क्रांती' म्हणतात.

पॅरासुकसचे कुळ सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी संपले. मगरीचे कुळ मात्र डायनोसॉर नष्ट करणाऱ्या संकटातूनही तरले. आता तिला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. पण कायदा नदीचा काठ घडवू शकत नाही. मगर उन्हाळ्याच्या तोंडावर काठच्या वाळूत वा मातीत खड्डा करून साधारण २५ ते ३० अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातील उष्णतेवर ठरते. वाळूउपशाने काठ खचला किंवा धरणातून अवेळी सोडलेले पाणी घरट्यात शिरले, तर अंडी वाया जातात.

तापीसाठी शिकारी कल्पिणे सोपे आहे. त्याला अंडी घालण्यापुरती वाळू नदीकाठी शिल्लक ठेवणे मात्र कल्पनेने होणारे काम नाही.