वेब फॉर्म व पृष्ठमांडणी

वेब फॉर्म व पृष्ठमांडणी : वाचकाकडून माहिती घेऊन ती दूरच्या संगणकाकडे पोहोचविण्यासाठी महाजालाच्या पृष्ठावर जी प्रपत्रासारखी योजना केलेली असते, तिला ‘वेब फॉर्म’ म्हणतात. मजकूर, चित्रे, प्रपत्रातील चौकटी इत्यादींच्या पडद्यावरील रचनेस ‘पृष्ठमांडणी’ म्हणतात. महाविद्यालयीन प्रवेश, रेल्वेचे आरक्षण, बँकेचे व्यवहार, शासकीय दाखले अशी अनेक कामे वेब फॉर्मद्वारे होतात. कागदी अर्जात समासात चार शब्द लिहून अडचण सांगता येते व लिपिक ती समजून घेऊ शकतो. वेब फॉर्ममध्ये मात्र जे रचनेत नमूद नाही ते संगणकाला कळत नाही. म्हणून पृष्ठाचा अर्थ त्याच्या रचनेतच असावा, केवळ दृश्य रूपात नसावा, हे या विषयातील मूलभूत तत्त्व होय.

इतिहास : टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत महाजालाची कल्पना मांडली. आरंभीची पृष्ठे मुख्यतः वाचनासाठी होती. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझेइक या ब्राउझरमध्ये १९९३ मध्ये फॉर्मची सोय झाली. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० या विनिर्देशात फॉर्मला अधिकृत स्थान मिळाले.

त्या काळी मांडणीसाठी स्वतंत्र साधन प्रचारात नव्हते. सारणी ही वस्तुतः आकडे व तपशील रकान्यांत दाखविण्यासाठी होती. परंतु रेषा न दिसणाऱ्या सारण्या एकीत एक बसवून संपूर्ण पृष्ठाची मांडणी करण्याचा प्रघात पडला. हॉकन व्हिउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये शैलीपत्रकांची (सीएसएस) योजना मांडली व डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली पातळी मान्य झाली. मजकुराची रचना एचटीएमएलमध्ये आणि रंग, अंतर, स्थान इ. शैलीपत्रकात, अशी विभागणी त्यामुळे शक्य झाली. तथापि ब्राउझरांनी ती सारखेपणाने न स्वीकारल्याने सारण्यांचा वापर पुढेही अनेक वर्षे चालू राहिला. मोबाईलच्या प्रसारानंतर, पडद्याच्या रुंदीनुसार बदलणाऱ्या मांडणीचा पुरस्कार ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये केला. आडव्या व उभ्या पट्ट्यांत पृष्ठ विभागणारी ‘ग्रिड’ ही पद्धती २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे.

कार्यपद्धती : फॉर्ममध्ये मजकुराच्या चौकटी, एकच पर्याय निवडण्याची वर्तुळे, अनेक पर्यायांचे चौकोन, याद्या आणि माहिती पाठविण्याचे बटण हे प्रमुख घटक असतात. प्रत्येक घटकास एक नाव असते. वापरकर्त्याने भरलेले मूल्य त्या नावाशी जोडून सर्व्हरकडे जाते. ‘गेट’ पद्धतीत या जोड्या पृष्ठाच्या पत्त्यातच जोडल्या जातात. ‘पोस्ट’ पद्धतीत त्या संदेशाच्या अंतर्भागात असतात. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात व सर्व्हरच्या नोंदींत राहू शकत असल्याने परवलीचा शब्द ‘गेट’ने पाठवू नये. मात्र केवळ ‘पोस्ट’मुळे माहिती गुप्त राहत नाही, त्यासाठी सांकेतिक रूपांतर करणारी जोडणी आवश्यक असते.

तपासणी : अनिवार्य चौकट रिकामी असणे, ई-मेल पत्त्याचे रूप चुकीचे असणे यांसारख्या त्रुटी ब्राउझरच दाखवू शकतो. एचटीएमएल ५ मध्ये (२०१४) यासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. ही तपासणी वापरकर्त्याच्या सोयीची आहे, संरक्षणाची नव्हे. ती टाळून सर्व्हरकडे कोणतीही माहिती पाठविता येते. अशी माहिती न तपासता माहितीसंचाच्या आज्ञेत गोवल्यास हल्लेखोर स्वतःच्या आज्ञा चालवू शकतो. यास्तव सर्व्हरवर पुन्हा तपासणी करणे अपरिहार्य ठरते.

मांडणी व सुगम्यता : अंध व्यक्ती पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने फॉर्म भरतात. सारणीच्या पहिल्या ओळीत ‘नाव’, ‘आडनाव’, ‘जन्मदिनांक’ ही शीर्षके व दुसऱ्या ओळीत तीन चौकटी असतील, तर डोळस व्यक्तीस संबंध सहज दिसतो. ऐकणाऱ्यास मात्र आधी तीन शब्द आणि मग तीन निनावी चौकटी ऐकू येऊ शकतात. ‘लेबल’ या घटकाने प्रत्येक शीर्षक आपल्या चौकटीशी जोडल्यास हा दोष टळतो. शैलीपत्रकाने चौकटींचा दृश्य क्रम बदलला, तरी कळफलकाने पुढे जाण्याचा क्रम सामान्यतः मूळ रचनेचाच राहतो. म्हणून दोन्ही क्रम जुळते ठेवावेत. चूक केवळ लाल रंगाने न दाखविता शब्दांतही सांगावी. शीर्षक चौकटीच्या वर ठेवणे अरुंद पडद्यावर सोयीचे पडते. वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियमने सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयी तरतूद आहे.

देवनागरी लिपीतील प्रश्न : ‘ज्ञानेश्वर’ या शब्दात वाचकाला ज्ञा, ने, श्व, र अशी चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये हलन्त चिन्ह व मात्रा स्वतंत्र मोजल्या जात असल्याने त्याची दहा चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत ती तीस बाइट व्यापतात. चौकटीची मर्यादा आठ चिन्हांची असल्यास हे नाव ‘ज्ञानेश्’ येथेच थांबते. तसेच केवळ इंग्रजी अंक स्वीकारणारी तपासणी ‘४११०३०’ हा देवनागरीत लिहिलेला पिनकोड नाकारते. अशा वेळी वापरकर्त्याने लिहिलेले बरोबर असूनही फॉर्म ते चूक ठरवितो आणि त्याचा अर्ज पुढे जाऊ शकत नाही. मर्यादा ठरविताना लिपीचे स्वरूप लक्षात घेणे आणि देवनागरी अंक सर्व्हरवर रूपांतरित करून घेणे हे त्यावरील उपाय होत.