सायकलवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. बदलीच्या नोकरींतील गृहस्थांस ती लावण्याची चाल पडली आहे. परंतु विंचवास त्या बिऱ्हाडाचा जाच होत नाहीं, कारण त्याच्या बिऱ्हाडांत विंचू सोडून दुसरें कांहींच नसतें. माणसाचें तसें नाहीं. शनिवारीं सकाळीं नाशकाहून सायकलीवर निघावें, त्र्यंबकच्या अलीकडे घोटीकडे फुटणाऱ्या रस्त्यानें पहिने गांवावरून वैतरणेच्या जलाशयाच्या बाजूस जावें, तेथें रात्र काढावी आणि रविवारीं दुपारच्या जेवणास घरीं परत यावें, एवढाच ज्याचा बेत, तो तरुणही निघतांना असा दिसतो कीं, जणूं त्याची धुळ्यास बदली झाली आहे.

हें ओझें येतें कोठून, हें पाहावयाचें तर आदल्या रात्रीं एखाद्या घरांत डोकवावें. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर प्रथमच एका रात्रीच्या मुक्कामास निघालेला असतो. त्यानें आपली पिशवी भरून ठेवलेली असते. आजी म्हणते, "थंडी पडेल रे, ती जाड गोधडी घे." आई चार पुडांचा स्टीलचा डबा पुढें करते. आत्या औषधांची पेटी आणून ठेवते. वडील कांहीं न बोलतां घरांतली मोठी बॅटरी पिशवींत सारतात. प्रत्येक वस्तूबरोबर दोन शब्द येतात, "लागलें तर!" मुलगा आधीं नको म्हणतो, मग चिडतो, मग गप्प बसतो; आणि पिशवी फुगत जाते. घरच्या माणसांना काळजी असते ती रात्रीची. काळजी पिशवींत भरावयाची तर तिला वस्तूचें रूप द्यावें लागतें, आणि घाईंत जें रूप सांपडतें तें बहुधा जड असतें. म्हणून सामान हलकें करणें याचा अर्थ घरच्यांचें म्हणणें उडवून लावणें असा करूं नये. त्यांची काळजी बहुतेक वेळां खरी असते. तिच्यावरचा उपाय मात्र हलका शोधावा लागतो.

प्रथम थोडें गणित. स्वार ६० किलोंचा, सायकल १५ किलोंची, मिळून ७५. तीवर १५ किलो सामान चढविलें म्हणजे ९०. हें वजन पंचमांशानें वाढलें. सपाट रस्त्यावर एकदां वेग घेतला कीं ही वाढ फारशी जाणवत नाहीं. तेथें मुख्य विरोध हवेचा, आणि हवा वजन पाहत नाहीं, आकार पाहते. चढावर मात्र प्रत्येक किलो स्वतःच्या पायांनीं उचलून वर न्यावा लागतो. पायांचा जोर तेवढाच राहिला तर वजन पंचमांशानें वाढतांच चढास लागणारा वेळही जवळजवळ पंचमांशानेंच वाढतो. त्र्यंबक नाशिकपेक्षां सव्वाशे-दीडशे मीटर उंचावर आहे. ती उंची तीसएक किलोमीटरांत पसरलेली असल्यानें डोळ्यांस दिसत नाहीं, मांड्यांस कळते. उतारावरचा हिशेब याहून गंभीर. वेग तोच असतां जितकें वजन अधिक तितकें सायकल थांबविण्यास ब्रेकांना काम अधिक, आणि जड लादलेली सायकल वळणावर पुढचें चाक हलकें पडल्यामुळें डगमगूं लागते. चढावर ओझ्यानें दमणूक होते. उतारावर अपघात होतो.

हा प्रश्न नवा नाहीं. टॉमस स्टीव्हन्स नांवाचा गृहस्थ १८८४ सालीं सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवर निघाला व १८८६ च्या डिसेंबरांत जपानांत योकोहामास पोहोंचला. वाटेंत लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत त्यानें हिंदुस्थानही तुडविला. त्याच्या सामानांत मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि एक पावसाळी अंगरखा होता. तो अंगरखाच रात्रीं तंबू आणि अंथरूण. पिस्तुलाची नक्कल नाशिककरानें करूं नये. परंतु एका वस्तूकडून तीन कामें करून घेण्याची युक्ति आजही उपयोगी आहे. पुढें इंग्लंडांत होल्डिंग नांवाच्या इसमानें सायकलीवर तंबू नेऊन छावणी करण्याची विद्याच तयार केली. त्याचें पुस्तक १८९८ सालीं निघालें आणि १९०१ सालीं त्याच्या पुढाकारानें अशा सायकलस्वारांची संस्था स्थापन झाली. हा होल्डिंग धंद्यानें शिंपी होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. कापड किती लागेल हें पाहणाऱ्या माणसानें हें काम हातीं घेतलें, म्हणून तें साधलें.

नाशिककरांस याहून जवळचें उदाहरण म्हणजे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंचें. २०१५ सालीं या दोघांनीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारें ४,८०० किलोमीटरांची सायकलशर्यत नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. तो पराक्रम ऐकून पुष्कळ मुलें सायकलीकडे वळलीं. पण त्या शर्यतींत स्वारामागून मोटारी चालतात आणि अन्न, पाणी, कपडे, हत्यारें त्यांत असतात. त्र्यंबकहून ज्येष्ठांत निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर चालणारे वारकरीही खांद्यावर लहानशी पडशी घेतात, कारण दिंडीच्या वळकट्या आतां ट्रकांत असतात. एका रात्रीच्या सायकलस्वारास मोटारही नाहीं आणि ट्रकही नाहीं.

आतां आजीच्या गोधडीकडे वळूं. आजीचें म्हणणें खरें आहे. नाशिक जिल्ह्यांत पौषांत पारा दहा अंशांखालीं जाणें नवलाचें नाहीं, आणि उघड्या माळावर तो बोचतो. पण निजलेल्या माणसाचें अंग जितकें वरून गार पडतें तितकेंच, किंबहुना अधिक, खालून गार पडतें. ऊब देते ती कापसाच्या किंवा लोकरीच्या धाग्यांत अडकलेली हवा. गोधडी अंगाखालीं दबली कीं ती हवा निघून जाते आणि जमीन अंगांतली उष्णता ओढून घेते. दोन-तीन किलोंची गोधडी नेऊनही मुलगा कुडकुडतो, याचें कारण हेंच. तिच्याऐवजीं गुंडाळतां येणारी फोमची चटई न्यावी. तिचें वजन पाव ते अर्धा किलो. वर एक लोकरी पांघरूण, डोक्यास कानटोपी, आणि रात्रींपुरते जपून कोरडे ठेवलेले मोजे. कानटोपी आजीनेंच विणलेली असेल तर वादच मिटला. कार्तिकानंतर त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यांत भाताची झोडणी होते व खळ्यावर पेंढा पडलेला असतो. शेतकऱ्यास विचारून त्यांतला थोडा अंगाखालीं पसरला तर चटईचेंही काम राहत नाहीं. मात्र सकाळीं तो जागच्या जागीं नीट रचून द्यावा. जागा निवडतांना अगदीं पाण्याच्या कडेस जाऊं नये. रात्रीं थंड हवा सखल जागीं सांचते आणि दंवही तेथें अधिक पडतें. धरणाच्या आवारांत तर परवानगीवांचून उतरूंच नये. गांवांत विचारल्यास जागा मिळते.

तंबू न्यावा कीं नाहीं, हें ऋतु ठरवितो. पावसाळ्यांत इगतपुरीकडे नाशिक शहराच्या तिपटीहून अधिक पाऊस कोसळतो; तेथें आषाढांत तंबूचा हट्ट धरणारास रात्रभर तंबूच धरून बसावें लागेल. त्या दिवसांत देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा व्हरांडा गांवकऱ्यांस विचारून मिळवावा. हिंवाळ्यांत पाऊस नसतो, तेव्हां दोन किलोंचा तंबू घरीं राहिला तरी चालेल.

मच्छरदाणी मात्र कोणत्याही ऋतूंत घरीं ठेवूं नये, आणि हें डांसांसाठींच सांगितलें आहे असें नाहीं. आपल्याकडे मण्यार रात्रीं हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसास झोपेंत चावते. तिचा दंश पुष्कळदां दुखत नाहीं, सुजत नाहीं, म्हणून तो कळतही नाहीं. चटईखालीं चारी बाजूंनीं नीट खोंचलेली मच्छरदाणी तिला अडविते. पाव-अर्ध्या किलोंत एवढें संरक्षण देणारी दुसरी वस्तु बाजारांत नाहीं. हलकें सामान करण्याच्या भरांत तीच प्रथम वगळली जाते, हें दुर्दैव. आत्याच्या पेटीबद्दलही येथेंच सांगावें. सर्पदंशावर पेटींतलें कोणतेंही औषध चालत नाहीं; करकचून बांधणें, कापणें, चोखणें हे उपाय घातकच. रुग्णालयांतील प्रतिविष हाच इलाज, म्हणून १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक पाठ असावा आणि सर्वांत जवळचें शासकीय रुग्णालय कोठें आहे हें निघण्यापूर्वीं विचारून ठेवावें. या माहितीस वजन नाहीं. पेटींतून जखमेच्या पट्ट्या, जंतुनाशक मलम, तापाच्या दोन गोळ्या, क्षारसंजीवनीची एक पुडी आणि कोणाचें रोजचें औषध असेल तें, एवढें काढून कागदांत बांधावें. पेटी परत कपाटांत.

आईच्या डब्याचें वजन आंतल्या पदार्थाइतकेंच भरतें. दुधांत भिजविलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ आणि सातूचें पीठ स्वच्छ फडक्यांत बांधून दिलें कीं एका रात्रीची शिदोरी झाली. सातूच्या पिठास चूल लागत नाहीं. पाणी व गूळ घालून तें कालविलें कीं झालें. स्टोव्ह, इंधन, भांडें आणि पळी हें सारें एका वेळच्या खिचडीसाठीं वाहून नेणें म्हणजे पालखीपेक्षां भोयांचा खर्च अधिक. उघड्यावर जाळ करणें तर हिंवाळ्यानंतर वाळलेल्या गवतांत वणव्यास निमंत्रण. रविवारची न्याहारी बरोबर नेणें नाशिककरास शोभतही नाहीं. परतीच्या वाटेवर मिसळ तयार असते.

वडिलांचें म्हणणें सर्वांत बरोबर, फक्त बॅटरी चुकीची. कपाळास बांधावयाचा लहान दिवा हात मोकळे ठेवतो. दुसरा लाल दिवा सायकलीच्या मागें लावावा. त्र्यंबकच्या रस्त्यावर मोटारींची वर्दळ मोठी, आणि डिसेंबरांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यापूर्वीं मुक्काम गांठावयाचा हा नियम असला तरी पंक्चरास नियम ठाऊक नसतात. पंक्चरच्या पट्ट्या, सोल्युशन, एक जादा ट्यूब, लहान पंप आणि पाना यांत काटकसर नाहीं. जुन्या धाटणीची सायकल असेल तर वालावर चढवावयाची बोटभर रबरी नळीही घ्यावी. तिचें वजन काट्यावर दिसणार नाहीं, पण ती नसली तर वीस किलोंची सायकल ढकलीत घरीं यावें लागतें.

हें सामान बांधावयाचें कसें, हें शिकण्यासाठीं सकाळीं दूधवाल्याची सायकल पाहावी. त्याच्या किटल्या दोन्ही बाजूंस, चाकाच्या जवळ, शक्य तितक्या खालीं टांगलेल्या असतात, आणि दोन्हींत दूध सारखें असतें. त्यानें पदार्थविज्ञान वाचलें नसेल. पण ओझें उंच बांधलें तर पहिल्या वळणावर दूध रस्त्यावर जाईल, हें त्यास पक्कें ठाऊक आहे. पाठीवरची मोठी पिशवी त्याच कारणानें वाईट. ती तोल वर चढविते, घाम आणते आणि सारा भार बैठकीवर टाकते. कॅरियरच्या दोन बाजूंस दोन पिशव्या, जड वस्तु तळाशीं, आणि वर आवळावयास जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी. पट्टीचें टोंक लोंबतें ठेवूं नये. चाकाच्या तारांत अडकलें तर सायकल जागच्या जागीं थांबते आणि स्वार पुढें जातो.

राहिलें पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, यांत सूट नाहीं. पण नाशिकपासून त्र्यंबकच्या रस्त्यावर गांवें आणि चहाचीं दुकानें इतकीं जवळ आहेत कीं घरून दोन बाटल्या पुरे होतात. रात्रीचें व सकाळचें चार लिटर पाणी मुक्कामापूर्वींच्या शेवटच्या गांवीं भरावें, म्हणजे तें ओझें शेवटच्या थोड्या अंतरापुरतेंच वाहावें लागतें. त्यासाठीं रिकाम्या बाटल्या तेवढ्या नेल्या कीं झालें.

सारें बांधून झालें कीं रद्दीवाल्याकडे असतो तसा ताणकाटा घेऊन घरच्या सर्वांदेखत पिशव्या तोलाव्या. पाणी सोडून सहा-सात किलोंत हें बसतें. काटा पाहिल्यावर आजी गोधडीचा आग्रह सोडते. आई मात्र लाडवांची एक पुडी तरीही आंत सारील. तेवढी जागा आधींच ठेवावी.

शेवटच्या गांवीं पाणी भरतांनाच घरीं फोन करावा. पुढें डोंगराच्या आड गेल्यावर रेंज मिळेलच असें नाहीं, आणि इकडे आजी जेवण टाळून फोनपाशीं बसलेली असते.