सायकलीस इंजिन बसवितांना

धारूराहून तेलगांवकडे जाणारा घाट उतरतांना सायकलीसारखें सुखाचें वाहन नाहीं असें वाटतें. परततांना तीच सायकल हातांत धरून पायीं चालावें लागतें. अशा मुलुखांत राहणाऱ्या मुलांच्या मनांत सायकलीस लहानसें इंजिन जोडण्याचा विचार यावा यांत नवल नाहीं. इंजिनाचे सुटे संच हल्लीं घरबसल्या मागवितां येतात, आणि वरच्या इयत्तांतील विद्यार्थी त्याविषयीं विचारपूस करूं लागले आहेत. म्हणून त्या विषयाचा येथें थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. पालकांनींहि हा लेख वाचावा. पैसा त्यांचा असतो, आणि पुढें दिसेल त्याप्रमाणें कायद्यापुढील जबाबदारीहि त्यांच्याकडेच येते.

ही कल्पना जुनीच आहे. महायुद्ध संपल्यावर १९४६ सालीं जपानांत सोइचिरो होंडा यांस सैन्याच्या बिनतारी यंत्रांसाठीं केलेलीं लहान इंजिनें शिल्लक पडलेलीं मिळालीं. तीं त्यांनीं सायकलींस जोडलीं. पहिल्या प्रयोगांत पेट्रोलची टांकी म्हणून अंथरुणांत शेकण्याकरितां वापरावयाची गरम पाण्याची बाटली उपयोगांत आणली होती असें सांगतात. त्याच सुमारास फ्रान्स देशांत वेलोसोलेक्स नांवाची सायकल निघाली. तिचें इंजिन पुढच्या चाकाच्या माथ्यावर बसे आणि एका लहान रुळानें टायरास घासून चाक फिरवी. आपल्या शेजारच्या अहमदनगरास, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक कंपनीनें १९७२ सालीं ५० घन सेंटीमीटरच्या इंजिनाची लूना बाहेर काढली. मूळ नमुना इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या चाओ गाडीचा. लूनेस पायडल होते, म्हणून पुष्कळांनीं तिला इंजिन लावलेली सायकलच मानिलें. पण नीट पाहिल्यास फरक कळतो: लूनेची चौकट, चाकें आणि ब्रेक हीं सारीं इंजिनाचा भार गृहीत धरून बनविलेलीं होतीं. आपण घरची सायकल घेऊन तिला इंजिन लावतों तेव्हां ही खबरदारी दुसऱ्या कोणीं घेतलेली नसते; ती आपणांसच घ्यावी लागते.

इंजिन घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो 'केवढें मोठें?' असा. आमच्या मतें हा प्रश्न शेवटीं यावा. आधीं चढ किती आहे आणि वेग किती हवा हें ठरवावें. गणित अवघड नाहीं. नववीच्या पुस्तकांतील कार्य व ऊर्जा हा पाठ ज्यास आला त्यास तें करतां येईल. स्वार, सायकल, इंजिन व दप्तर मिळून वजन १०० किलोग्रॅम धरूं. वेग ताशीं २० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारें साडेपांच मीटर. सपाट डांबरी रस्त्यावर टायरांचें घर्षण आणि वाऱ्याचा विरोध यांत सुमारें ११० वॉट शक्ति खर्च होते. निरोगी तरुण माणूस एवढी शक्ति पायांनीं कांहीं वेळ देऊं शकतो, आणि म्हणूनच सपाटीवर कोणास इंजिनाची आठवण होत नाहीं.

आतां चढ घेऊं. डोंगराळ भागांतील रस्त्यांकरितां इंडियन रोड्स काँग्रेसनें ठरविलेला सर्वसाधारण चढ वीसांस एक, म्हणजे २० मीटर पुढें गेल्यावर १ मीटर उंची, असा आहे. साडेपांच मीटरच्या वेगानें जाणारा स्वार या चढावर दर सेकंदास सुमारें २८ सेंटीमीटर वर उचलला जातो. १०० किलोग्रॅमचें ओझें तितकें उचलण्यास २७० वॉट लागतात. त्यांत आधींचे ११० मिळविले कीं बेरीज ३८० होते. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॉट. अर्थात् घाट चढण्यास चाकापाशीं सुमारें अर्धी अश्वशक्ति पुरते! बाजारांत ६० ते ८० घन सेंटीमीटरचीं म्हणून विकलीं जाणारीं टू-स्ट्रोक इंजिनें दोन अश्वशक्तींच्या वर जातात. मग उरलेली शक्ति करते काय? ती केवळ वेग वाढविते. आणि वेग दुप्पट झाला कीं गाडी थांबण्यास लागणारें अंतर चौपट होतें.

येथें कायद्याचें म्हणणें ऐकावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें मोटार वाहनाची जी व्याख्या केली आहे तींतून चारांहून कमी चाकांचें व २५ घन सेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाचें वाहन वगळलें आहे. त्याहून मोठें इंजिन बसविलें कीं तुमची सायकल मोटार वाहन ठरते. तिला नोंदणी, विमा आणि चालविणाऱ्यास परवाना लागतो. नव्या नमुन्याच्या वाहनास पुण्याच्या ए.आर.ए.आय. सारख्या संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यावें लागतें, आणि घरीं जोडलेल्या एकट्या सायकलीकरितां तो खटाटोप करणें सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचें आहे. वयाची अट निराळी: १८ वर्षें, आणि ५० घन सेंटीमीटरपर्यंतच्या मोटारसायकलीस १६ वर्षें. २०१९ च्या दुरुस्तीनें तर अल्पवयी मुलानें या कायद्याखालीं गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. तेव्हां मोठ्या इंजिनाचा हट्ट धरणाऱ्या मुलाच्या वडिलांनीं हें कलम त्यास एकदां मोठ्यानें वाचून दाखवावें. २५ घन सेंटीमीटरच्या आंत राहिलें म्हणजे सर्व जबाबदारी सरली असें मात्र नव्हे. अपघातांत कोणास इजा झाल्यास इतर कायदे आहेतच, आणि शिरस्त्राण तर डोक्यासाठीं घालावयाचें, पोलिसासाठीं नव्हे.

सुदैवानें कायद्याची मर्यादा आणि घाटाचें गणित एकमेकांशीं जुळतात. गवत कापण्याच्या यंत्रावर येणारें २५ घन सेंटीमीटरचें फोर-स्ट्रोक इंजिन सुमारें एक अश्वशक्ति देतें. त्यास थंड राखण्यासाठीं स्वतःचा पंखा असतो, हा मोठा गुण. कारण घाटांत वेग मंद असतो, आणि केवळ वाऱ्यावर विसंबणारें इंजिन नेमकें तेथेंच तापतें. टू-स्ट्रोक इंजिन वजनानें हलकें खरें, परंतु त्याच्या पेट्रोलांत तेल मिसळावें लागतें, कारण पेट्रोलच्या वाफेबरोबर जें तेल आंत जातें तेवढेंच त्याचें वंगण. तेल कमी पडलें तर दट्ट्या जाम होतो. अधिक झालें तर प्लगावर काजळी धरते. शिवाय लांब उतारावर पेट्रोल बंद करून इंजिन चाकाशीं जोडलेलें ठेवलें, तर तें वंगणाविना फिरत राहतें. घाटवाटेच्या माणसास ही खोड महाग पडते.

खरी कसोटी दांत्यांच्या प्रमाणाची. २८ इंची चाकाचा घेर सुमारें २२३ सेंटीमीटर असतो. ताशीं २५ किलोमीटर वेगास तें मिनिटांत १८७ वेळां फिरतें. इंजिन मात्र तेव्हां ६,००० फेऱ्यांवर असावें. म्हणजे ३२ फेऱ्यांची एक फेरी करावयाची. एकाच सांखळीनें हें साधणार नाहीं, कारण लहान चाकास ८ दांते असले तर मोठ्यास २५६ लागतील! म्हणून दोन टप्पे करावे: पहिला पांचपट घटविणाऱ्या दांत्यांच्या पेटीचा, दुसरा ९ व ५८ दांत्यांच्या सांखळीचा. कोणी वेगाच्या लोभानें हें प्रमाण २० वर आणितो. सपाटीवर त्याचें कौतुक होतें. पण घाटांत ताशीं २० वर त्याचें इंजिन ३,००० फेऱ्यांपर्यंत उतरतें. गवत कापण्याच्या यंत्राचा क्लच पुरती पकड घेतो तो सुमारें ४,००० फेऱ्यांच्या वर. त्याखालीं तो घसरतो, तापतो आणि जळतो. प्रमाण ३२ ठेवणाऱ्याचें इंजिन त्याच ठिकाणीं ४,८०० वर असतें, आणि सांखळीदांत्यांत जें जिरतें तें वजा जातांहि त्यास चढ पुरा होतो.

रुळानें टायर फिरविण्याची सोलेक्सची रीत जोडण्यास सर्वांत सोपी. परंतु पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल टायरास लागला कीं रूळ नुसता फिरत राहतो. आमच्याकडे तिची शिफारस करवत नाहीं.

इंजिन चौकटीच्या त्रिकोणांत, जितकें खालीं बसेल तितकें बसवावें. मात्र पायडल फिरवितांना पाय त्यास लागतां कामा नये. मागच्या कॅरिअरवर ठेवल्यास भार उंच जातो आणि कॅरिअरचे पाय थरथरून तुटतात. चौकटीच्या नळीस भोंक कदापि पाडूं नये. त्या भोंकापासूनच तडा सुरू होतो. नळीभोंवतीं पट्ट्या आवळून इंजिन धरावें. दांत्यांचें मोठें चाक स्पोकांवर आवळण्याची चाल आहे, पण स्पोक ओढ सोसण्यासाठीं असतात, पिळण्यासाठीं नव्हे. तें चाक हबावरच घट्ट बसविणें उत्तम. मग सुतळीचा तुकडा ताणून दोन्ही दांतेचाकें एका रेषेंत आहेत कीं नाहींत तें पाहावें. सांखळीस मध्यभागीं बोटानें दाबल्यास एक-दीड सेंटीमीटर ढिलाई असावी. इंजिन तात्काळ बंद करण्याची कळ हँडलवर अंगठ्याच्या टप्प्यांत पाहिजे.

आतां ब्रेक. वास्तविक हें काम इंजिन आणण्याच्याहि आधीं करावें. १०० किलोग्रॅमची सायकल १०० मीटर उंची उतरते तेव्हां सुमारें ९८,००० जूल ऊर्जा कोठेंतरी जावी लागते, आणि वाऱ्यानें व घर्षणानें घेतलेला वांटा सोडल्यास ती सारी ब्रेकमध्यें उष्णता होऊन उतरते. तेवढ्या उष्णतेवर साध्या पाण्याचे दीड पेले उकळी फुटेपर्यंत तापतील. दांडीच्या ब्रेकचे रबरी तुकडे लोखंडी रिमवर, त्यांतहि पावसांत, एवढें काम करतील ही अपेक्षा व्यर्थ आहे. दोन्ही चाकांस ड्रमचे किंवा डिस्कचे ब्रेक बसवावे, मागचे स्पोक जाड घ्यावे, आणि पुढचा चिमटा जुना असल्यास बदलावा. इतका खर्च झेपत नसेल तर इंजिनाचा बेत पुढें ढकलावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विजेच्या मोटारीचाहि विचार करण्यासारखा आहे. २५० वॉटपेक्षां कमी शक्तीच्या व ताशीं २५ किलोमीटरच्या आंत चालणाऱ्या गाडीस, तिचा नमुना नियमांप्रमाणें मान्य झालेला असल्यास, नोंदणी लागत नाहीं. वरच्याच गणितानें वीसांस एक चढावर ताशीं १२ किलोमीटरच्या वेगास सुमारें २१० वॉट पुरतात. स्वारानें थोडे पाय मारले तर घाट निवांत चढतो. धूर नाहीं, तेल नाहीं, आणि परीक्षेच्या दिवशीं प्लग काळा पडण्याची भीति नाहीं. ज्या घरीं रात्रीं वीज नियमित असते तेथें आम्ही हीच निवड सुचवूं.

पेट्रोलचेंच इंजिन घेतलें तर पहिली फेरी शेजारच्या मोकळ्या मैदानांत, इंजिन बंद ठेवून, केवळ ब्रेकची परीक्षा पाहण्याकरितां करावी. दुसरी इंजिन चालू करून सपाटीवर. तीस-चाळीस किलोमीटर झाल्यावर प्रत्येक बोल्टास पान्हा लावून पाहावा, कारण थरथरीनें ते सैल होतात, आणि सांखळी पुन्हां ताणावी. घाटाची पाळी त्यानंतर यावी, तीहि उजेडीं. रात्रीं सायकल घरांत घेत असल्यास पेट्रोलची कळ बंद करून ती चुलीपासून व देवघराच्या समईपासून दूर उभी करावी.