मुष्टियुद्ध : मुठीचा आणि नियमांचा खेळ

आपल्या मराठी घरांत आखाडा म्हटले की कुस्ती आणि मल्लखांब आठवतात. बॉक्सिंगचे नाव निघाले, त्यातही मुलीने काढले, की 'नाक फुटेल, दात पडतील' अशी काळजी सुरू होते. काळजी रास्त आहे; पण हो किंवा नाही म्हणण्याआधी या खेळाची थोडी माहिती असावी.

मुष्टियुद्ध आपल्याला नवे नाही. कंसाच्या आखाड्यात श्रीकृष्णाने चाणूराला आणि बलरामाने मुष्टिकाला लोळवल्याची कथा आपण कीर्तनात ऐकली आहे. ग्रीसमध्ये इ. स. पूर्व ६८८ पासून ऑलिंपिकमध्ये हा खेळ होता. हाताला चामड्याच्या पट्ट्या गुंडाळत. फेऱ्या नव्हत्या, वजनी गट नव्हते. एक जण हार मानेपर्यंत किंवा कोसळेपर्यंत लढत चाले.

आजचे स्वरूप इंग्लंडमध्ये आले. तिथे उघड्या मुठींनी, पैजा लावून लढती होत. १८६७ मध्ये क्वीन्सबेरी नियम प्रसिद्ध झाले : हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, पडलेल्याला उठायला दहा सेकंद. पुढे वजनी गटही ठरले आणि हलक्या अंगकाठीच्या खेळाडूला त्याच्याच तोलाचा प्रतिस्पर्धी मिळू लागला.

या खेळाला महागडे साहित्य फारसे लागत नाही, म्हणून तो गरीब वस्त्यांत रुजला. अमेरिकेत वर्णभेद कडक असताना १९०८ मध्ये जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विश्वविजेता झाला. आपल्याकडे २००८ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा विजेंदर सिंग बसचालकाचा मुलगा. २०१२ मध्ये महिलांचे बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये प्रथमच आले आणि मणिपूरच्या कष्टकरी शेतकरी कुटुंबातील मेरी कोमने कांस्यपदक मिळवले. सैन्य, पोलीस, रेल्वे यांतील खेळाडूंच्या नोकऱ्यांमुळे अशा घरांना स्थैर्यही येते.

मराठी माणसाने आवर्जून ओळखावे असे नाव म्हणजे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले, बॉक्सिंग सुटले. उपचारांतून ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले सुवर्ण. पद्मश्री मात्र २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी मिळाली.

आपल्या भोपाळचाही या खेळाशी संबंध आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा इथेच झाली. निखत झरीन आणि लवलीना बोरगोहेन यांनी आपापल्या गटांत सुवर्णपदके जिंकली. देशातल्या नामवंत खेळाडू मुली आपल्याच गावात लढून गेल्या. आपल्यापैकी किती जण मुलींना घेऊन पाहायला गेले होते?

डोक्यावर वारंवार बसणारे ठोसे मेंदूला घातक असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच पंच आणि डॉक्टर लढत थांबवू शकतात, आणि चांगला प्रशिक्षक आधी पायांची हालचाल आणि बचाव शिकवतो, ठोसा नंतर. मुलाने किंवा मुलीने हट्ट धरला, तर घरी बसून नकार देण्यापेक्षा एकदा सराव पाहून यावे. डोक्याला संरक्षक टोपी, तोंडात दातांचे कवच आणि समान वजनाचा जोडीदार या तीन गोष्टी तिथे दिसतात का, ते तपासावे. मुलीसाठी आणि मुलासाठी प्रश्न तेच असावेत, आणि उत्तरही एकच असावे.