ताकदीचा हिशोब (लेखांक सहावा)

हेलिकॉप्टरचं इंजिन हवेत बंद पडलं की ते दगडासारखं खाली येतं, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. ती खरी नाही. बालाघाटच्या रानात उन्हाळ्याच्या अखेरीस सरईचं पंखांचं बी गिरक्या घेत उतरतं, तसंच काहीसं इथे होतं. वैमानिकाने डाव्या हाताचा दांडा क्षणाचाही उशीर न करता खाली केला, तर पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून घुसणारी हवाच पाती फिरती ठेवते. जमीन जवळ आली की तोच दांडा वर ओढायचा. पात्यांत उरलेली गती एकदाच खर्ची पडते आणि हेलिकॉप्टर टेकतं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. त्यासाठी उंची किंवा वेग, दोहोंपैकी एक तरी गाठीशी हवं. लामत्याकडच्या रिकाम्या धानाच्या बांध्यांवरून पुरेशा उंचीने जाणारा वाचू शकतो; सागाच्या शेंड्याइतक्या उंचीवर जवळजवळ थांबलेल्याला हा उपाय पुरत नाही.

आणि उड्डाणानंतरची पहिली काही सेकंदं नेमकी तशीच असतात. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं सिकोर्स्की हेलिकॉप्टर उडताच खाली आलं, विजेच्या तारांत अडकून कोसळलं. आतले सगळे वाचले, हे नशीबच. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते त्या उन्हाला न पेलणाऱ्या वजनावर. तापलेली हवा विरळ असते. पात्यांना तिच्यात धरायला कमी मिळतं आणि इंजिनालाही श्वास कमी मिळतो, म्हणजे गरज वाढते तेव्हाच ताकद घटते. इंजिन धडधाकट असूनही कमी पडतं. ताकद जाण्याचे असे अपघात मी यंत्राच्या खात्यावर टाकणार नाही; तो हिशोब जमिनीवरच चुकलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, दोन इंजिनं असली की झालं. निलंग्याच्या हेलिकॉप्टरलाही दोन होती. २९ नोव्हेंबर २०१३च्या रात्री ग्लासगोत पोलिसांच्या हेलिकॉप्टरची दोन्ही इंजिनं पाठोपाठ बंद पडली, ते क्लूथा नावाच्या दारूच्या गुत्त्यावर कोसळलं आणि दहा जण गेले. मुख्य टाकीत सत्तर किलोंहून अधिक इंधन शिल्लक होतं! ते इंजिनांना पुरवणाऱ्या टाक्यांत ढकलणारे पंप बंद होते. इंजिन दोन, पण चूक एकच पुरली. बेअरिंग झिजतात, टर्बाइनची पाती तुटतात, हेही खरंच; पण त्यासाठी तपासणीची वेळापत्रकं आहेत. वजनाच्या बाबतीत मात्र वैमानिकाला समोर उभ्या असलेल्या साहेबांना नाही म्हणावं लागतं, आणि आपल्याकडे तेच अवघड.

येत्या मे महिन्यात एखाद्या गावच्या मैदानावर, भर दुपारी, वैमानिक ‘एक जण उतरा’ म्हणाला, तर हुज्जत न घालता उतरावं. मागून जीप असतेच.