सही आणि दायित्वमुक्ती
(लेखांक ७)

मागील लेखांकात छापील करारांचा, म्हणजे एका पक्षाने आधीच लिहून ठेवलेल्या आणि दुसऱ्याने केवळ सही करायच्या करारांचा विचार झाला. साहसी खेळांचे आयोजक, जलक्रीडा केंद्रे आणि व्यायामशाळा भरून घेतात ते दायित्वमुक्तिपत्र त्याच जातीचे होय. कोलाडला कुंडलिकेच्या पात्रात राफ्टमध्ये बसण्यापूर्वी किंवा सह्याद्रीतील ट्रेकच्या नोंदणीवेळी पुढे येणाऱ्या या कागदावर, सहभागी स्वतःच्या जबाबदारीवर येत असून अपघात झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत, अशा अर्थाचा मजकूर असतो आणि सही झाली की भरपाईचा हक्क संपला, असा समज दोन्ही बाजूंना रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे.

या मजकुरात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. पहिली जोखमीच्या स्वीकाराची: धोका पुरता जाणून ज्याने तो स्वखुशीने पत्करला, त्याला त्या धोक्यातून झालेल्या इजेबद्दल दाद मागता येत नाही, या तत्त्वाला कायद्यात ‘व्हॉलेंटी नॉन फिट इंज्युरिया’ म्हणतात. धरणाचे पाणी सुटल्यावर खळाळात राफ्ट उलटणे हा खेळाचाच भाग आहे. बक्कल तुटलेले लाइफ जॅकेट अंगावर चढवले जाणे हा मात्र खेळाचा भाग नव्हे. दुसरी गोष्ट याच जॅकेटची, म्हणजे आयोजकाच्या निष्काळजीपणाची, आगाऊ माफी मागणारी असते, आणि खरा वाद तिच्याविषयीच आहे.

इंग्लंडने 1977च्या कायद्याने हा वाद मिटवला: निष्काळजीपणामुळे होणाऱ्या मृत्यूचे वा शारीरिक इजेचे दायित्व कोणत्याही व्यावसायिकाला कराराने किंवा सूचनाफलकाने टाळता येत नाही. भारतात असा थेट कायदा नाही. 1872च्या करार कायद्यातील कलम 23, ज्यानुसार सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्दबातल ठरतो, त्याच्या आधारे न्यायालयांनी वाट काढली आहे. धुलाईला दिलेली साडी हरवल्यास निम्मीच किंमत मिळेल, ही पावतीवरील अट मद्रास उच्च न्यायालयाने ‘लिली व्हाइट’ खटल्यात याच कारणाने अमान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात, दोन पक्षांच्या ताकदीत मोठी तफावत असताना दुर्बलावर लादलेली अन्याय्य अट पाळणे बंधनकारक नाही, असे ठरवले. आणि 2019 मध्ये, चावी ताब्यात घेऊन उभी केलेली पाहुण्याची मोटार चोरीला गेल्यावर, टोकनवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही, असा निर्वाळा दिला. हे निवाडे साडी, नोकरी आणि मोटार यांविषयीचे आहेत हे खरे. पण साडीला जे संरक्षण मिळते ते हातापायांना नाकारण्याचे सयुक्तिक कारण सांगणे कठीण आहे.

2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही स्वतंत्र संकल्पना आणली असून, अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे तर राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. सदोष साधने किंवा अप्रशिक्षित मार्गदर्शक यांबद्दल ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून मागितलेली भरपाई हा वेगळा मार्ग आहे आणि त्यासाठी जिल्हा आयोगाचे दारही उघडे असते.

तरीही हा कागद निरुपयोगी नाही. धोक्याची नेमकी माहिती आधी दिली होती, याचा तो पुरावा ठरतो. म्हणून ‘सर्व प्रकारचे धोके’ असे मोघम लिहिणाऱ्या आयोजकापेक्षा निसरडा कातळ, पाण्याचा वेग आणि दमा वा हृदयविकार असलेल्यांसाठीची मनाई स्पष्ट नमूद करणाऱ्याची बाजू भक्कम राहते. आजार लपवून सही करणाऱ्याची भरपाई स्वतःच्या चुकीपुरती कमी होऊ शकते. ट्रेकच्या मंडळींत प्रचलित असलेला ‘इन्डेम्निटी बाँड’ मात्र याहून निराळा आहे, कारण त्यात सही करणारा केवळ हक्क सोडत नाही, तर इतर कोणी आयोजकावर दावा लावल्यास तो खर्च भरून देण्याची हमी देतो. त्यामुळे तो अधिक बारकाईने वाचावा.

अल्पवयीनांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. 18 वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असल्याचे प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये मोहोरी बीबी खटल्यात ठरवले, त्यामुळे शिबिरात मुलांकडून घेतलेल्या सह्यांना करार म्हणून किंमत नाही. पालकांचे संमतीपत्र मुलाला पाठवण्याची परवानगी दाखवते. निष्काळजीपणाने इजा झाल्यास दिवाणी दाव्याची मुदत मात्र मुलाच्या बाबतीत तो सज्ञान झाल्यापासून मोजली जाते आणि ती त्यानंतर जास्तीत जास्त तीन वर्षे चालते, त्यामुळे शाळकरी सहलीची कागदपत्रे आयोजकाला पुढच्याच हंगामात रद्दीत घालता येत नाहीत.